पाठमोरा चौकीदार

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून तिसऱ्या मजल्यावर झाडू मारायचा आणि सरळ खाली यायचं. गेम बनवणाऱ्यांच्या स्क्रीनकडे बघायचं नाही. भुतांवर माझा विश्वास नाही. चौथीपर्यंतच शिकले, पण खुळी नाही.

४ फेब्रुवारी
बघितलं. टेबल पुसताना दिसलं, डोळे काय काढून बादलीत ठेवू? अंधाऱ्या बोळातून मेलेला चौकीदार पाठमोरा चालत जातो. चाल आमच्या ह्यांची. डावा पाय ओढत, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर दाबून. हे खाली गेटवर चौकीदार होते, तेव्हा ह्या लोकांनी त्यांना घट्ट काळा सूट घालून, अंगभर ठिपके चिकटवून चालवलं होतं, चाल कॉम्प्युटरात उतरवायला. घरी सांगितलं तेव्हा मी हसले होते. ह्या वयात सर्कस!
हे जाऊन आठ महिने झाले. चाल अजून नोकरीला आहे.

६ फेब्रुवारी, सकाळी ८
तिथला एक शेंडीवाला पोरगा हे सीन बनवतो. त्याला विचारलं. म्हणाला, मावशी, ह्याला कटसीन म्हणतात, मध्येच सिनेमासारखा तुकडा चालतो, खेळणाऱ्याने नुसतं बघायचं, बटणं चालत नाहीत. म्हटलं, हात असून उपयोग नाही, असला कसला खेळ? सगळी बटणं दाबली. पाच वेळा. हे थांबले नाहीत. जिवंतपणी तरी कुठे ऐकायचे.

७ फेब्रुवारी
शेंडीवाल्याला स्वतःचं काम कळत नाही. दारातून जाताना माणूस एकदा मागे वळून बघतो. हे तसेच निघून जातात. म्हटलं, वळव. म्हणतो, वळत नाही म्हणूनच भीती वाटते. म्हटलं, भीती मला शिकवू नकोस, मी तुमचे संडास धुते.
माझा काही स्वार्थ नाही. गेम खपावा एवढंच.

९ फेब्रुवारी, रविवार
सुट्टी. घरात किल्ल्या वाजल्या नाहीत. वाजणार कशा, जुडगा तर ऑफिसात जमा केला. तरी दोनदा दार उघडून बघितलं. वारा असतो.
मुलीचा फोन. आई, बाबांना शेवटचं बोललीस ते मनातून काढ, म्हणे. मनात असेल तर काढू ना! त्या दिवशी हे डबा न घेता निघाले, कटकट झाली, मी म्हटलं, जा, परत तोंड दाखवू नका. कोणीही बोलतं असं. हे न वळता गेले. दुपारी गेटवरच, खुर्चीत बसल्या बसल्या संपले. ह्याचा त्याचा काय संबंध?

११ फेब्रुवारी
शेंडीवाला वठणीवर आला. उद्या वळवून दाखवणार. चांगले कपडे घालून जाईन, ऑफिस आहे शेवटी. काय बोलायचं ते ठरलंय. माफीबिफी नाही. डबा का नाही नेलात, एवढंच विचारणार. उद्या डबा जरा जास्तीचा करीन. मला भूक लागते.

१२ फेब्रुवारी, सकाळी ९
बोळ. डावा पाय. किल्ल्या. दाराशी थांबले. वळले.
तोंड दुसऱ्याच कुणाचं. तरणाबांड, मिशीवाला, पांढरे डोळे. शेंडीवाला म्हणाला, मावशी, चेहरा नटाचा आहे, काकांची फक्त चाल घेतली होती.
म्हटलं, छान जमलंय. पण पाठमोराच ठेव.
तो म्हणाला, बघा, मी तेच सांगत होतो.
डबा त्याला दिला. त्याने निदान घेतला.