बारा नंबरची कुंडी

७ एप्रिल, सोमवार
अकोल्याच्या नर्सरीत रुजू झाले. अकरा कुंड्यांत संत्र्याची रोपं, बारावीत नुसती माती. ऊन एकटं किती पाणी उडवतं ते कळावं म्हणून. पाणी-खत मोजून द्यायचं, खाली ठिबकलेल्या पाण्यातले क्षार बघायचे, सकाळ-संध्याकाळ कुंड्या काट्यावर ठेवायच्या आणि वहीत लिहायचं. दोन वर्षं अर्ज करत बसण्यापेक्षा बरं. अचलपूरला आईला कळवलं, तुझी लेक झाडांची नर्स झाली. ती खूप हसली.

१० एप्रिल
ऊन चव्वेचाळीस. सगळ्या कुंड्या दिवसभरात हलक्या होतात. बारावी मात्र आज पाणी देण्याआधीच कालपेक्षा सहाशे ग्रॅम जड. आकडा आहे तसा लिहिला. पाणी देणारे रऊफभाई वडिलांच्या वयाचे. म्हणाले, बेटा, वहीतला तो बाराचा खाना काहून भरून राहिली? तुझ्याआधीचा संघपालबी भरे. मंग त्याले बाजेवरून उठवे ना.

१२ एप्रिल
पुन्हा सहाशे. तिच्या निचऱ्यात क्षार तिप्पट, खत मात्र सगळ्यांना एकच. गंमत म्हणून कालपासून मीही काट्यावर चढतेय. आज कालच्यापेक्षा सहाशे ग्रॅम कमी. गंमत राहिली नाही.

१५ एप्रिल
जयंतीला दोन दिवस घरी होते. मिरवणुकीत नाचले, तहान लागली नाही. इथे नर्सरीच्या साहेबांनी नोंद रऊफभाईंना करायला लावली होती. त्यांचे गाल आत गेलेत. संध्याकाळी मीच लिहिलं.

१८ एप्रिल
काल खाना कोरा ठेवला. कुंडी बाराशेने जड, मी बाराशेने हलकी. म्हणजे ती शेवटच्या लिहिणाऱ्याच्या अंगातलं पाणी पिते, आणि कोरं ठेवलं की दुप्पट. रऊफभाईंनी ती फावड्याने फोडली. सकाळी जागेवर होती, अख्खी.

२१ एप्रिल
फार थकलेय. हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहते. मदतीला पायल आली, बावीस वर्षांची, हसरी. म्हणाली, ताई, तुमी बसा, द्या मले पेन. मी दिलं. सगळं माहीत असून दिलं.

२२ एप्रिल
झोप लागली. पाणी अंगी लागतंय. बरं वाटतंय, त्याचीच लाज वाटते.

२४ एप्रिल
पायलचे ओठ फुटलेत— उन्हाने, म्हणते. रऊफभाई माझ्याशी बोलत नाहीत. तिला सांगायला गेले— पाण्याचा तांब्या तिच्याजवळ ठेवून परत आले.

२५ एप्रिल
पायल भिंतीला टेकून बसलीय. हाक मारली तरी बघत नाही— आजचा खाना कोरा आहे— कोरा राहिला तर उद्या ती—
तिच्या मुठीतून पेन काढलं. मुठीत जोरच नव्हता.
वही उघडलीय. बारा नंबर. आजचं वजन मीच लिहितेय.