‘दिली’पुढची जागा

४ फेब्रुवारी १९७४, अनसिंग
पोचले. कॅमेरा शाबूत आहे. भाटांच्या वंशावळीच्या जुन्या वह्यांची मायक्रोफिल्म करायची आहे. बाबांचं मूळ गाव हेच, म्हणून नागपूरच्या कचेरीत हे काम मागून घेतलं. रामकिसन भाटांनी ओसरी मोकळी करून दिली. त्यांची बायको सोजरबाई म्हणाली, "पोरी, तू त आमच्याच गावची निंघाली! पयले भाकर खाय, मंग तुही मशीन लाव." उजेड उत्तम.

६ फेब्रुवारी
आमचं पान सापडलं. बाबा, दौलतराव, शेवटच्या ओळीत. मी नाही. मुलीला लग्न झाल्यावरच लिहितात: नाव, मग ‘दिली’, पुढे सासरचं गाव आणि नवरा. माझं नाव लिहा म्हटलं. रामकिसनकाका हसले, रिकामी ‘दिली’ कोनी लिवत नाई बाई, म्हणाले. मी हट्ट सोडला नाही. ‘दिली’शिवाय मुलगी लिहायची रीत नाही, म्हणून त्यांनी लिहिलं: अंजना, दिली. पुढे कोरं. लगेच फोटो घेतला.

९ फेब्रुवारी
फिल्म धुतली. कोऱ्या जागेत अक्षरं आहेत: ‘कारंजा, देवमन’. वहीत ती जागा अजून कोरीच. दुहेरी एक्स्पोजर, एका फोटोवर दुसरा फोटो म्हणावं, तर बाकीच्या ओळी स्वच्छ आहेत.

१० फेब्रुवारी
कारंज्याच्या वहीत देवमन सापडला. ऐंशी वर्षांपूर्वीचा. ‘हळद लागली. वरात निघण्याआधी वारला.’
काकांना खोडायला सांगितलं. त्यांनी हात जोडले. दिलेली पोरगी परत घेता येत नाही, म्हणाले.
मीच ब्लेड घेतलं. ‘दिली’ खरवडत होते. माझं नाव निघून गेलं, ‘दिली’ तसंच.

११ फेब्रुवारी
सोजरबाई आता पोरी म्हणत नाही. जेवायला पाट मांडला, भोवती रांगोळी. विचारलं, "जावयाले काहून नाई आनलं?" थट्टा वाटली. ती हसत नव्हती.
नखांत हळद. साबणाने जात नाही.

१२ फेब्रुवारी
वाशीमवरून पुढे जाणाऱ्या एसटीत बसले; वाशीमला उतरायचं. तिथून रेल्वेने घरी. कंडक्टरने न विचारता कारंज्याचं तिकीट फाडलं. म्हणाला, सासरी चालल्या वाटते. वाशीम आलं. उठायचं होतं — पाय —

कारंजा
खोली कोणाची, माहीत नाही. कडी आतून लावली.
डोकं ताळ्यावर राहावं म्हणून पूर्ण नाव लिहिते. अंजना दौल —
हात पुढे जात नाही. मधलं नाव ते नाही.
त्याचं नाव — त्यांचं. लिहवत नाही. घ्यायचं नसतं —
कडी वाजते आहे. मी उघडणार नाही. बाहेर कोणी नाही, नुसते हे —