चार वाजताची नाडी

प्रिय काटकोन,

चादरीचे कोपरे पट्टी लावल्यासारखे दुमडायचीस म्हणून अख्ख्या हॉस्टेलने तुला ठेवलेलं हे नाव. दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायचा हक्क मी चौदा वर्षांपूर्वीच घालवला. हे तेवढं वापरून बघते.

बातमी अशी, की मी पुन्हा नर्स झाले. नवऱ्याने विचारलं, या वयात झेपेल का. स्वतःच्या बोटाला सुई टोचली तरी हा माणूस सोफ्यावर आडवा होतो. सासूबाईंनी विचारलं, ढुंगणंच पुसायची तर घरात कमी आहेत का. हा प्रश्न मात्र रास्त होता.

हॉस्पिटल ओळखू येणार नाही तुला. पेशंटला पेशंट म्हणायचं नाही, 'पाहुणे' म्हणायचं. पडद्यांचा रंग म्हणे मनाला शांत करणारा आहे. लघवीचं भांडं मिळायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो. माझ्यासारख्या परतलेल्यांना दहा दिवसांचं प्रशिक्षण होतं. त्यात हसायचं कसं यावर दीड तास. शिकवणाऱ्या गृहस्थांनी आयुष्यात कुणाची उलटी झेललेली नव्हती, हे त्यांच्या बुटांवरून कळत होतं. नाडी मोजण्यावर वीस मिनिटं. मी मन लावून हसायला शिकले.

आठव्या दिवशी वर्ग घ्यायला आपल्या इन्चार्जबाई आल्या. त्या आता गुणवत्ता अधिकारी आहेत. म्हणजे पूर्वी जे झाकायच्या, त्याचे आता तक्ते करतात. विषय निष्काळजीपणा. आणि पडद्यावर आपल्या वॉर्डातल्या नऊ नंबरच्या पलंगाचा तो जुना चार्ट. चार वाजता नाडी ऐंशी, पेशंट आरामात. पाच वाजता तो थंड सापडला होता, पोटातल्या पोटात रक्त वाहून. बाई म्हणाल्या, नर्स जागेवर नव्हती, आकडा मनाने टाकला, तिला काढून टाकलं. वर्गभर च्च च्च झालं. शेजारचीने, अशांना उभं जाळलं पाहिजे, असं कुजबुजत मला पेपरमिंटची गोळी दिली. मी ती चघळली.

त्या ऐंशीतला आठ माझ्या हातचा होता, तुला ठाऊकच आहे. दुसऱ्या पेशंटला एक्स-रेला नेताना तू म्हणाली होतीस, नऊकडे बघ गं, मला त्याचा रंग ठीक वाटत नाहीये. मी हो म्हणाले. पण वॉर्डभराचे चारचे आकडे मी दोनलाच भरून ठेवले होते, सगळ्याच ठेवायच्या, आणि भरलेल्या रकान्यासाठी चहावरून कोण उठतं? चौकशीत मी सांगितलं, की तू मला काही म्हणालीच नव्हतीस. तू माझ्याकडे नुसती बघत राहिलीस. ही आता बोलेल, मग बोलेल, असं वाटलं असेल तुला. बाईंनी माझं अक्षर ओळखलं होतं. पण मी त्यांची लाडकी आणि तू तोंडावर उत्तरं देणारी. बदनाम तू झालीस. महिन्याभराने मी नोकरी सोडली, सासूबाईंच्या गुडघ्यांचं कारण सांगून. ते गुडघे अजून रोज बाजारापर्यंत चालत जातात आणि नातेवाईक अजून माझ्या त्यागाचे गोडवे गातात. मीही खाली मान घालून ऐकते. माझ्याइतकी हलकट बाई त्या हॉस्पिटलातही दुसरी सापडणार नाही, आणि तिथे निवडीला वाव भरपूर आहे.

तास संपल्यावर मी बाईंच्या खोलीत जाऊन हे सगळं सांगितलं. त्या हसल्या, ते दीड तासवालं हसू. म्हणाल्या, जुनं कशाला उकरतेस, तिला काही आता परत यायचं नाहीये, तुझी नोकरी मात्र जाईल. म्हणून मी लेखी दिलं. त्याची प्रत, पोच मिळाल्याच्या शिक्क्यासकट, सोबत आहे. दुसरी नऊ नंबरच्या बायकोला पाठवली. सोमवारी अकराला चौकशी आहे. तू यावंस असं म्हणत नाही, माफ कर असंही नाही. ते मागायला लागणारा निर्लज्जपणा मी मागच्या चौकशीतच वापरून संपवला. फक्त, तिने तुला नऊकडे बघायला सांगितलं होतं का, असं ते पुन्हा विचारतील, तेव्हा मी हो म्हणणार आहे. हे इतर कुणाच्याही आधी तुला कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

तुझीच
(हा शब्द खोडायची तुला मुभा आहे)