फिलूच्या गादीवरचे चार कपडे

३ जून
आलो बाई एकदाचे! आखातातल्या अल अझीझियाचा हा व्हिला फोटोत दिसला त्याहून मोठा निघाला. म्हणजे अर्धाच आपला. मध्ये भिंत घालून दोन बिऱ्हाडं केलीत, पलीकडे रत्नागिरीच्या नफिसाभाभी राहतात. अमेय नोकरीसाठी महिनाभर आधीच आलाय. चार दिवस रास लफानच्या गॅस प्लांटवरच्या कॅम्पात, चार दिवस घरी. कपडे धुवायची खोली मात्र बाहेर, अंगणाच्या टोकाला. मला ती बघताक्षणी आवडली. मशीन फिरतंय तोवर त्याच्यावरच वही ठेवून लिहायचं. वहीही इथेच राहील, अमेयच्या नजरेला पडायला नको.

एक ठरवलंय. सप्टेंबरात शाळा सुरू व्हायच्या आत गार्गीला मराठी बोलायला लावायचं. सहा वर्षांची घोडी झाली, समजतं सगळं, उत्तर इंग्रजीत. 'मम्मा' ऐकून कान किटले. तिच्या तोंडून एकदा तरी 'आई' ऐकायचंय.

७ जून
कुत्रा आला! अमेयच्या ऑफिसातली साबीन कायमची फ्रान्सला परत चाललीये, तिने दिला. नाव फिलू, जात बेर्जे पिकार. तिकडचे मेंढ्या राखणारे कुत्रे, जगात फार थोडे उरलेत म्हणे. काथ्याच्या पायपुसण्यासारखे केस आणि कान कायम टवकारलेले. गार्गी त्याला सोडायलाच तयार नाही.

साबीनने बजावलं, याला कळप लागतो. घरातल्या प्रत्येकाचा अंगावरचा, न धुतलेला एकेक कपडा चार दिवस याच्या गादीवर ठेवा. ज्याचा वास त्याला कळला, तो त्याचा.

अमेयचा टी-शर्ट आणि गार्गीचा फ्रॉक तसेच दिले. माझी घामट ओढणी मात्र परक्या बाईसमोर ठेववेना, गुपचूप डेटॉलमध्ये धुऊन वाळवून आणली. मग झाले तीन कपडे. तीन काही द्यायचं नसतं, हे हाडीमाशी खिळलेलं. ताटात तीन पोळ्या झाल्या तर आपण चौथा तुकडा ठेवतोच की. बाथरूमच्या दारामागे आधीच्या भाडेकरणीचा सुती गाऊन तसाच लटकत होता, तो टाकला वर. साबीनने मोजले, चार, आणि मान डोलावली.

१२ जून
फिलू म्हणजे कमाल आहे. उन्हं उतरली की खांद्याने ढोसत सगळ्यांना हॉलमध्ये आणतो. सगळ्यांना म्हणजे त्या दोघांना. मी सोफ्यावर गार्गीजवळ टेकले की मला ढोसून उठवतो, पार स्वयंपाकघरापर्यंत पोचवतो. ती जागा रिकामी राहिली की मगच उंबऱ्यात आडवा होतो. अमेय म्हणाला, तुला घरातच सासू मिळाली. मीही हसले. रागही आला, खोटं कशाला लिहू.

१७ जून
भर दुपारी फिलू दाराशी भुंकून भुंकून बाहेर गेला. शेहेचाळीस डिग्री! अंगणातल्या पाणीटाकीच्या सावलीपाशी जाऊन उभा राहिला. मग परत निघाला, पण सरळ नाही. डावीकडे, उजवीकडे, मान खाली, पुढे काहीतरी हाकत असल्यासारखा. मी दार धरून उभी होते. उंबऱ्यापाशी थांबला, कोणाला तरी आधी आत जाऊ दिलं, आणि मग स्वतः आला.

२० जून
बाजारातून आले तर अमेय झोपलेला, आणि गार्गीच्या दोन घट्ट, तेल चोपडलेल्या वेण्या. मी पोनी बांधून गेले होते. कोणी घातल्या विचारलं. स्वच्छ मराठीत म्हणाली, "आईने."

मी आनंदाने तिला कवटाळलं. आई म्हणाली! दोन मिनिटांनी लक्षात आलं, मी घातलेल्याच नाहीत.

अमेयला उठवून विचारलं, घरात कोणती बाई आली होती? नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, तुला ऊन लागलंय. माझा विश्वास नाही. हॉलमध्ये खोबरेल तेलाचा वास आहे, आपल्याकडे खोबरेल नाही.

२३ जून
नफिसाभाभींना खोदून विचारलं. आधी टाळत होत्या. आधीची बाई मराठीच होती, दोन वेण्यांवाली मुलगी होती तिला. मागच्या जुलैत दुपारी कपडे धुवायला बाहेर गेली आणि मागे दार लागलं. टाकीच्या सावलीत सापडली. खलास झाली होती, म्हणाल्या. नवरा मुलीला घेऊन देशी गेला.

घरी येऊन फिलूची गादी बघितली. टी-शर्ट, फ्रॉक, गाऊन. माझी ओढणी लांब कोपऱ्यात फेकलेली. तिला डेटॉलशिवाय वासच नाही. म्हणजे त्याला चार माणसं मिळालीच नाहीत. अमेय, गार्गी आणि ती. तीनच.

२५ जून
गाऊन धुतला. तीनदा. तेलाचा वास जात नाही. कचऱ्यात टाकला — संध्याकाळी गादीवर, घडी घालून. कुत्रा घडी घालत नाही.

माझी न धुतलेली ओढणी ठेवली. फिलूने हुंगली. उचलून अंगणात नेऊन टाकली.

अमेयला म्हटलं, याला परत दे. तो म्हणतो, गार्गी रडेल. गार्गी माझ्याशी इंग्रजीतच बोलते. बंद दाराआड मराठी —

२७ जून, शुक्रवार
दुपारचे बारा. फिलूने ढोसत ढोसत कपड्यांच्या खोलीपर्यंत आणलं मला. मागे घराचं दार लागलं. मोबाइल आत. गेटकडे, घराकडे, कुठेही वळले की दात दाखवतो. हाका मारल्या, ए.सी.च्या घरघरीत कोणाला —

नफिसाभाभींची गाडी नाही. भिंत ठोकली. घसा —

पावणेएक. खोलीत भट्टी. टाकीच्या सावलीत बसलेय, वही घेऊन. इथून खिडकी दिसते. जेवायला बसलेत. ताटं तीन. अमेय हसतोय. गाऊनची बाही —

फिलू बंद दाराबाहेर उंबऱ्यात आडवा झालाय. निवांत. त्याचा कळप पुरा झाला.

गार्गी! गार्गी काचेशी आली. बघतेय माझ्याकडे. बाळा, मी — मी तुझी —

तिने जराशी मान वळवून विचारलं. लेकीचे ओठ वाचता येतात मला, मराठीत विचारलं. आई, ती बाहेरची बाई को