शिग्रामातली घंटा

गिरगाव, मुंबई
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८१७

तीर्थस्वरूप दौलतदादास धाकट्या महादेवाचा साष्टांग नमस्कार.

इकडचं सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. वहिनी आणि मुलं खुशाल असतील. कुळथाचं पीठ पोचलं. कुणी पाठवलं हे बाबांनी विचारलं नाही, पण पिठी दोनदा मागून घेतली. माझी दुर्गा तुम्हा सर्वांना नमस्कार सांगते.

पत्राला उशीर झाला तो तात्यासाहेब वकिलांच्या शिग्रामामुळे. बाबा तुझ्या-माझ्या लहानपणापासून जिच्यावर कोचमन आहेत, तीच म्हातारी बंद घोडागाडी. तुझ्या वेळी आतून एक दोरी असे आणि तिचं टोक बाबांच्या दंडाला बांधलेलं असे. तात्यासाहेबांनी ओढली की गाडी उभी. यंदा नवरात्राच्या तोंडावर त्यांनी फोर्टात कुणा साहेबाच्या गाडीत विजेची घंटा पाहिली आणि आपल्यालाही हवी म्हणून हट्ट धरला. तारकाम शिकलेला घरचाच माणूस, म्हणून ती मीच बसवली. बैठकीखाली नवसागराच्या पाण्याची काचेची बरणी, तिच्यातून वीज निघते. आत बसणाऱ्याच्या हाताशी कळ, कोचमनच्या पायाशी घंटा. बाईसाहेबांनी आळीतल्या सगळ्या बायकांना बोलावून ती वाजवून दाखवली.

दसऱ्यानंतर रड सुरू झाली. कळ दाबावी आणि गाडी थांबू नये. तात्यासाहेबांना ठाकूरद्वारला उतरायचं होतं, ते धोबीतलावापर्यंत गेले. चाकांचा खडखडाट एवढा, की काचा लावून आत बसलेल्याला घंटा वाजली की नाही हेच कळत नाही. त्यामुळे दोष घंटेचा आणि बोलणी मला.

कळ उघडली तर आत हळदकुंकवाचा चिखल! बाईसाहेबांनी दसऱ्याला गाडीबरोबर कळेचीही पूजा केली होती, आणि पुढे दर शुक्रवारी तिला बोट लावून वर पाण्याचा हात फिरवत होत्या. आतलं तांबं हिरवं पडलेलं. मी ते घासून लख्ख केलं आणि म्हटलं, गंगेत घोडं न्हालं. बाईसाहेबांनी विचारलं, मग आता कुंकू लावायचं कुठे? मी घोड्याकडे बोट दाखवलं. त्या हसल्या नाहीत.

पण दोन-चार दिवसांत तेच. नवसागर बदलला, जस्ताची कांडी नवी घातली. तबेल्यात दाबून पाहावं तर घंटा खणखणीत, आणि रस्त्यावर गेली की पुन्हा तक्रार. दादा, यात माझं बरंच अडकलं होतं. तात्यासाहेबांचे एक स्नेही परळच्या गिरणीत विजेचे दिवे लावताहेत. तारांवर नजर ठेवायला त्यांना कायमचा माणूस हवा होता. एवढी घंटा नीट कर, मी तुझ्यासाठी शब्द टाकतो, असं तात्यासाहेब म्हणाले होते. दुर्गेने तर मनातल्या मनात परळला बिऱ्हाडही मांडलं होतं.

शेवटी तात्यासाहेब वैतागले. उद्या काच खाली घेऊन बसतो, घंटा वाजते की नाही ते माझ्या कानांनी ऐकतो, असं त्यांनी बाबांच्या समोर, त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी घंटा पुरती मुकी झाली. तबेल्यातसुद्धा वाजेना.

मी बैठकीचं कातडं उचलून तार हातानं चाचपत गेलो. घासून तुटलेली तार टोकाला झिजते, बारीक होते. ही सुरीने कापल्यासारखी सपाट होती. ते कातडं माझ्याशिवाय एकच माणूस उचलतो, आणि लगाम-पट्टे कापायची सुरी त्याच्याच कमरेला असते.

मी तार जोडली. बाबा घोड्याला खरारा करत होते, पाठ माझ्याकडे. मी कळ दाबली आणि दाबूनच धरली. घोड्याने कान टवकारले, मान वळवली. बाबा खरारा करतच राहिले.

बाबांना ऐकू येत नाही, दादा. पत्र सुरू केल्यापासून हे एक वाक्य मी टाळत होतो. दोरी होती तोवर दंडाला कळत होतं, कानांची गरजच पडली नाही. घंटा आली आणि ते उघडे पडायची वेळ आली. मीच आणली ती. तबेल्यात माझ्याबरोबर उभे असायचे तेव्हा घंटेची हातोडी हलताना बघून मान डोलवायचे, आणि मी मूर्ख तारांना दोष देत होतो.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बहिऱ्या कोचमनला कोण ठेवतो? तात्यासाहेबांनी बिघाड काय म्हणून विचारलं तेव्हा बाबा शेजारीच उभे होते, माझ्या ओठांकडे बघत. मी म्हणालो, "या समुद्राच्या हवेत तार टिकत नाही, साहेब. माझ्याच्यानं हे होणार नाही. पुन्हा दोरीच बांधा."

 तात्यासाहेब म्हणाले, "मग परळच्या गिरणीत तरी ती कशी टिकेल?"

 ती जागा गेली. दुर्गेला खरं सांगितलंय, ती रागावली नाही, नुसती चुलीपाशी जाऊन बसली. बाबांनी त्याच दिवशी दोरी बांधून घेतली आणि येता-जाता सगळ्यांना ऐकवतात, "पोरग्याचा शिकाप फुकट गेला. दोरी कधी फसवणा नाय." मी ऐकून घेतो. मोठ्याने हसतोसुद्धा. थकलोय रे मी.

एवढ्यावर मिटलं असतं तर तुला लिहिलंच नसतं. परवा लालबागेकडून येताना मागून ट्राम आली. ट्रामवाला ओरडत होता, घंटा बडवत होता. बाबा रस्ता सोडेनात. शेवटी घोड्यानेच गाडी बाजूला ओढली, चाक घासून निघालं. आत बाईसाहेब होत्या. बाबा घरी येऊन घोड्याला शिव्या देत बसले. पुढल्या वेळी कुणाचा तरी जीव जाईल, आणि तो माझ्या खोटेपणामुळे जाईल.

त्यांना त्या बैठकीवरून उतरवायला हवं. मी सांगितलं तर कारण सांगावं लागेल. तू गावी बोलावलंस तर लागणार नाही. तू मुंबई सोडलीस तेव्हा ते तुला जे बोलले ते मीही ऐकलंय. त्यांनी माफी मागितलेली नाही आणि ते मागणारही नाहीत. तरी तू लिही. नवा बैल कुणाला आवरत नाही, जनावराची नस तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, तुम्ही या, असं लिही. खोटं असलं तरी लिही. जनावरासाठी ते येतील.

उत्तर मलाच वाचून दाखवावं लागेल, आणि त्यांच्यासाठी आता ओरडूनच वाचावं लागतं. मी वाचायला लागलो की शेजारच्या बायका हातातली कामं थांबवतात. म्हणून दादा, मनातलं जे असेल ते मला वेगळ्या चिठ्ठीत लिही, हव्या तेवढ्या शिव्या घाल. बाबांच्या पत्रात मात्र एवढंच लिही, जे सगळ्या चाळीने ऐकलं तरी त्यांना मान खाली घालावी लागणार नाही.

तुझ्या शब्दाची वाट पाहणारा,
महादेव