रुळांपलीकडचं कोर्ट

रॉस्को,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

तू जनीनशी लग्न करतोयस हे रविवारी चर्चमध्ये कळलं आणि माझ्या अंगाची नुसती आग झाली. तिची एखादी भानगड सापडावी म्हणून मी रजा टाकून कोर्टात जुन्या खटल्यांच्या नोंदी बघायला गेले. तिच्या नावावर काहीच निघालं नाही.

वळले, तर शेजारच्या खिडकीपाशी तीच उभी. कारकून तिला सांगत होता, "रॉस्को टिल्मन? या काउंटीत त्याच्यावर एकही खटला नाही, बाई."

तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

मला पाहून ती ओशाळली. "लवर्न, गैरसमज नको हं. आई म्हणाली, एकदा बघून घे."

गप्प बसले असते तर तू तिला मिळाला असतास, तुझ्या हातांसकट.

"अगं, आपलं शहर दोन काउंट्यांत, दोन जिल्ह्यांत आहे; दोन्हीकडची कोर्टं नि नोंदी वेगळ्या," मी म्हणाले. "रुळांपलीकडच्या कोर्टात विचारलंस?"

"तिकडे कशाला? तो तर इकडेच राहतो."

"आमचा संसार तिकडे होता."

मीच तिला गाडीतून नेलं. तिकडे तुझा खटला निघाला: बायकोला मारहाण, गुन्हा शाबीत. तिने माझ्या वाकड्या मनगटाकडे पाहिलं आणि बोटातली अंगठी काढून पर्समध्ये टाकली.

तू म्हणशील, लवर्न जळते. जळतेच आहे, पण तुझ्यासाठी नाही. तिला 'बघून घे' म्हणणारी आई होती आणि पलीकडे नेणारी मी होते. माझ्या लग्नाआधी मला कुणीच नव्हतं.

लवर्न