गाभोळीचे डोहाळे

मामंजी,

तुमची नात आता कॉलेजात आहे आणि परवा तिनं तुमच्यावर एक खोटं भाषण ठोकलं. चूक तिची नाही, माझी आहे; तुमच्या गोष्टी तिला मीच सांगत आले. तिला इथल्या मासळीवर काहीतरी सादर करायचं होतं: हमूर कसा कमी होत चाललाय, अंड्यांनी भरलेल्या मोठ्या माद्या का सोडून द्यायच्या, असलं सगळं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिनं मला सगळं म्हणून दाखवलं आणि शेवटी म्हणाली, "माय ग्रँडफादर नेव्हर केप्ट अ बिग फीमेल. नॉट वन्स." मग माझ्याकडे वळून, "राइट, ममा?" मी चपात्या लाटत होते. मी मान डोलावली. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय, म्हणून ही वही उघडून बसले आहे.

मी लग्न होऊन अबुधाबीला आले तेव्हा तुम्हाला इथं वीस वर्षं होऊन गेली होती. बंदराजवळच्या वर्कशॉपमध्ये बोटींची इंजिनं दुरुस्त करायचात. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या, आणि तुमचा मुलगा महिन्यातले वीस दिवस समुद्रातल्या तेलाच्या बेटावर कामाला. म्हणजे त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहिलो कोण, तर तुम्ही मालवणकडचे सासरे आणि मी साताऱ्याकडची सून. मला मासा फक्त कालवणातला ठाऊक, तोही वर्षातून दोनदा नदीचा. पहिल्या शुक्रवारी तुम्ही बोटीवरून मासे आणलेत, कापून दिलेत आणि अंघोळीला गेलात. मला वास सहन होईना, म्हणून मी सगळ्या तुकड्या भांड्यांच्या लिंबाच्या साबणानं घासून काढल्या. अगदी लख्ख. तुम्ही बाहेर आलात, एक तुकडी नाकाशी धरलीत आणि म्हणालात, "मासो धुतलंस की लुगडा?" मी रडायच्या बेतात होते. तुम्ही त्या तुकड्या कागदात गुंडाळून टाकून दिल्यात, आपल्या दोघांना अंड्याची पोळी केलीत, आणि त्यानंतर सहा महिने दर शुक्रवारी मला शेजारी बसवून मासा शिकवलात. खवले शेपटीकडून डोक्याकडे काढायचे. कल्ले आधी उपटायचे. पोट चिरताना सुरी खोल घालायची नाही, पित्त फुटलं तर सगळा मासा कडू. माझ्या वडिलांनी मला आयुष्यात एवढा वेळ कधी दिला नव्हता. हे तेव्हा सांगायला हवं होतं, ते आज सांगते.

तुमचा नियम मला बोटीवर कळला. थंडीतल्या एका शुक्रवारी तुम्ही मला बरोबर नेलंत. बोट वर्कशॉपच्या मालकाची, जोडीला तुमचा केरळचा इलेक्ट्रिशियन मित्र. तुमच्या गळाला एक थोराड हमूर लागली. तुम्ही ओल्या हातांनी तिच्या पोटाखालून हात फिरवलात, गळ हलकेच सोडवलात आणि पाण्यात धरून म्हणालात, "जा गो बाय." मित्र कपाळाला हात लावून ओरडला, "चाचा, ये तो पूरा बिल्डिंग खाता!" तुम्ही म्हणालात, "खलास. छोड दिया." मग मला समजावलंत की लहान मासा सोडायचा, कारण तो अजून वाढायचाय, मोठी मादी सोडायची, कारण दहा लहानींच्या पोटात मिळून नसतं तेवढं तिच्या एकटीच्या पोटात असतं, आणि मधला चुलीसाठी. मी गप्प बसणारी थोडीच. मी म्हटलं, बाजारात तर रोज असल्या ढीगभर कापतात, तुमच्या एकट्यानं काय होणार? तुम्ही हात पुढे केलात. "बाजारातले हात माझे न्हयत. ह्यो हात माझो."

पुढच्या एप्रिलात मला चौथा महिना होता आणि पोटात पाणी ठरत नव्हतं. तुम्ही कामावर जाताना आणि आल्यावर, दोन्ही वेळा विचारायचात, "काय खावसा वाटता गो तुका?" माझ्या माहेरी आम्ही पाच बहिणी. घरात वडिलांचं ताट, वडिलांची झोप आणि वडिलांचा शब्द. आईला आमच्या वेळी कसले डोहाळे लागले होते, असं मी एकदा तिला विचारलं होतं, तर तिला आठवेचना. कुणी विचारलंच नव्हतं, तर आठवणार कुठून. आणि इथं तुम्ही दिवसातून दोनदा विचारताय. मला आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. माझा तुमच्यावर विश्वासच बसेना. वाटायचं, तोंडदेखलं आहे, परक्याची पोर म्हणून गोड बोलतात. एका संध्याकाळी तुम्ही पुन्हा विचारलंत आणि मी म्हटलं, "गाभोळी. मोठ्या हमूरची."

मला गाभोळीचे डोहाळे लागले नव्हते, मामंजी. माशाच्या पोटातली ती अंडी मी तोवर चाखलीसुद्धा नव्हती. शेजारच्या वेंगुर्ल्याच्या वहिनी गाभोळीचं कौतुक करायच्या, म्हणून नाव ठाऊक होतं. मला फक्त बघायचं होतं, नियम मोठा की सून. तुम्ही चष्मा काढलात, सदऱ्याला पुसलात आणि "बरां" म्हणालात.

मला वाटलं होतं, फार तर बाजारातून आणाल, आणि मग मी मनातल्या मनात म्हणेन, बघ, सांगितलं नव्हतं? पण शुक्रवारी तुम्ही बोटीवर गेलात. तिथं काय झालं ते तुमच्या मित्रानं मला फार नंतर सांगितलं. तो म्हणाला, मादी लागली तेव्हा चाचांनी तिला बोटीला लागून पाण्यातच धरून ठेवलं, बराच वेळ. नेहमीप्रमाणे सोडतील असं समजून त्यानं सिगारेट पेटवली, ती संपत आली तरी तुम्ही तसेच वाकलेले. तो म्हणाला, बाजार से ले लो ना चाचा. तर तुम्ही म्हणालात, "पाप करना है तो दुसरे के हाथ से क्यूं?" आणि तिला वर घेतलंत.

त्या दुपारी तुम्ही मला शिकवायला बसवलं नाहीत. स्टुलावर बसवलंत, पंख्याखाली. वर्तमानपत्र पसरलंत आणि कापायला घेतलंत. पोटातून दोन पिवळ्याधमक पिशव्या निघाल्या, माझ्या वितीहून लांब. तुम्ही त्या मिठाच्या पाण्यात अलगद धुतल्यात, हळद घालून जरा उकडल्यात, निवल्यावर जाड चकत्या केल्यात, मसाला नि रवा लावून झाकण ठेवून मंद तळल्यात. माशाचं बाकीचं मांस शेजारी आणि मित्राकडे पाठवून दिलंत. स्वतः डाळभात घेऊन समोर बसलात. "गरम आसा तवर खा."

मला वाटत होतं, पहिल्या घासाला उलटी होणार, आणि तेच मला योग्य झालं असतं. पण नाही झाली. तीन आठवड्यांत पोटात ठरलेला तो पहिला पदार्थ. मी आठच्या आठ चकत्या खाल्ल्या. खाता खाता माझ्या लक्षात आलं की तुम्ही माझ्या ताटाकडे बघत नाही आहात, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तिखट झाली काय गो?" तुम्ही घाबरून विचारलंत. मी म्हटलं, हो, जरा.

त्यानंतरही तुम्ही प्रत्येक मोठी मादी सोडलीत. पण तो नियम कुणाला सांगणं मात्र बंद केलंत. मित्रानं चिडवलं तरी नुसते हसायचात. हे माझ्यामुळे झालं, हे मला दर शुक्रवारी दिसत होतं आणि मी दर शुक्रवारी तोंड शिवून बसत होते. पाच वर्षांनी व्हिसा कॅन्सल करून तुम्ही गावी गेलात. निरोपाच्या वेळी एअरपोर्टवर सांगायचं ठरवलं होतं; तुम्ही नातीच्या चपलेचा पट्टा लावत राहिलात आणि वेळ झाली. वर्षाच्या आत गावाहून फोन आला. तुमच्या मुलाला अजूनही वाटतं की मला गाभोळीचं वेड आहे. सीझनला तो न चुकता आणतो, आणि मी न चुकता तळते.

तुम्ही मला मासा शिकवलात, गाडी शिकवलीत, बँकेचा फॉर्म भरायला शिकवलात, आणि मुलगी झाली तेव्हा अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटलेत. या सगळ्याचे उपकार मी मानतेच. पण त्या दुपारनंतर मला कुणाचीच परीक्षा घ्यावी लागली नाही, ना नवऱ्याची, ना मुलीची. ते उपकार सगळ्यांत मोठे, आणि ते मी तुमच्याकडून लबाडीनं घेतले.

मुलीला मी खरं सांगणार नाही. तिच्या भाषणात तुम्ही जसे आहात तसेच राहा. ही पानं फाडून पासपोर्टच्या पिशवीत तळाशी ठेवते. तिथं कुणी हात घालत नाही. मी खरं तर माफी मागायला बसले होते. चार वेळा ते वाक्य लिहिलं आणि चारही वेळा खोडलं. कारण तो एप्रिल परत आला आणि तुम्ही दारात उभे राहून परत विचारलंत, तर मी परत गाभोळीच मागेन.